जिम्नॅस्टिक्सचा क्लास बघायला जाल तेव्हा रांगेतलं शेवटचं मूल बघा

एका आईने विचारलंय: "मुलगी साडेपाच वर्षांची आहे. दिवसभर सोफ्यावरून उड्या, दाराच्या चौकटीत हातपाय रोवून वर चढणं चालू असतं. जिम्नॅस्टिक्सला घालावं म्हणतोय. जवळपास तीन पर्याय आहेत: सोसायटीच्या क्लबहाउसमधला शनिवार-रविवारचा वर्ग, नवीन उघडलेली मोठी एसी अकादमी आणि थोडी लांब एक जुनी व्यायामशाळा. बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि उंची खुंटते म्हणतात ते खरं का?"

उंचीचं आधी उरकते, कारण ती भीती डोक्यात असली की पुढचं काही कानात शिरत नाही. आठवड्यातून दोन-तीन तास जिम्नॅस्टिक्स केल्याने उंची खुंटत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या जिम्नॅस्ट बुटक्या असतात हे खरं. पण त्या खेळामुळे बुटक्या झालेल्या नसतात, लहान चणीच्या असतात म्हणून वरपर्यंत टिकतात. आखूड शरीराला हवेत गिरकी घेणं सोपं जातं, एवढंच. बास्केटबॉल खेळून उंची वाढते हा समजही त्याच जातीतला. आठवड्याला वीस-पंचवीस तास सराव आणि वर खाण्यावर बंधनं असतील तर वाढ आणि पाळी लांबू शकते, ती काळजी खरी आहे. पण तो तुमचा आजचा प्रश्न नाही. तिला वरणभात पोटभर द्या. आणि पाच वर्षांच्या पोरीकडे बघून "हिला जरा कमी खायला द्या" म्हणणारा कोच भेटला तर तिथून चपला घालून सरळ निघा.

आता क्लास निवडण्याबद्दल. मी पुण्यात सव्वीस वर्षं लहान मुलांना शिकवतेय. त्याआधी बारा वर्षं खेळले. मधली चार वर्षं एका चकचकीत अकादमीत नोकरी केली, दोन वर्षं क्लबहाउसमध्येही शिकवलं आणि सध्या एका जुन्या व्यायामशाळेत संध्याकाळच्या दोन बॅच घेते. त्यामुळे तुमच्या तिन्ही पर्यायांची आतली बाजू पाहिलेली आहे.

पालक ट्रायलला येतात तेव्हा काय होतं ते सांगते, कारण हे मीसुद्धा केलेलं आहे. कोच एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हाक मारतो. ती येते, हात वर करते, लागोपाठ तीन बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागच्या मागे हातांवरून पलट्या, मारून ताठ उभी राहते. आईबाबांचे डोळे मोठे होतात, आणि पाच मिनिटांत फॉर्म भरून होतो. अहो, ती मुलगी कुठल्याही क्लासला गेली असती तरी शिकली असती. तिच्याकडे बघून क्लास कळत नाही. तुम्ही रांगेतलं शेवटचं मूल शोधा. ज्याची चड्डी सारखी घसरते, जे नाकात बोट घालून पंखा बघत उभं आहे, ज्याला आपला नंबर आलेला कळत नाही. तासभर फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तुमची मुलगी चौकटीवर कितीही चढत असली तरी पहिले दोन महिने ती त्याच जागी उभी असणार आहे.

पहिलं म्हणजे त्याचे नंबर मोजा. खरोखर बोटांवर मोजा. माझ्या भाचीसाठी एका ठिकाणी बघायला गेले होते. बावीस मुलं, एक बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी), एक कोच. रांगेतला शेवटचा मुलगा एका तासात चार वेळा बीमवरून चालला. दर वेळी फार तर दहा सेकंद. म्हणजे चाळीस सेकंदांचं जिम्नॅस्टिक्स आणि उरलेला तास मांडी घालून बसणं, पुढच्याची वेणी ओढणं, त्याबद्दल ओरडा खाणं. घरी जाऊन तो नक्की म्हणाला असेल, "मज्जा आली." मुलांना मज्जा कशानेही येते. त्यावर जाऊ नका.

तेवढीच मुलं आणि तेवढाच हॉल असताना दुसरीकडे काय दिसतं? चार कोपरे चार कामांना. एकीकडे उतरत्या गादीवर कोलांटी, एकीकडे भिंतीला पाय लावून हँडस्टँडची, म्हणजे हातांवर उभं राहण्याची सुरुवात, एकीकडे दोरी, एकीकडे जमिनीवर खडूने आखलेल्या पट्ट्यावरून मागे चालत जाणं. दर सात-आठ मिनिटांनी टाळी वाजते आणि गट पुढे सरकतात. बीम ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि स्पर्धेत सव्वा मीटर उंचीवर असते. साडेपाच वर्षांच्या मुलीला त्यातली उंची नको, रुंदी हवी, आणि रुंदी खडूच्या पट्ट्यावरही मिळते. ज्याला हे कळतं त्याच्याकडे शेवटच्या मुलाचे नंबर तासाला चाळीस होतात. सहा वर्षांखालच्या मुलांत एका शिक्षकामागे सहा ते आठ मुलं, हा माझा आकडा. दहापर्यंत मी डोळेझाक करीन. बारा मुलं आणि एकच माणूस असेल तर तो क्लास नव्हे, पाळणाघर आहे.

दुसरं म्हणजे कान लावा. उडीवरून खाली येणाऱ्या मुलांचा आवाज ऐका. चांगल्या वर्गात तो बारीक 'थप' असा येतो, वाईट वर्गात 'धाड्' असा. गुडघे न वाकवता टाचांवर आदळलं की तो दुसरा आवाज येतो, आणि त्याचा हिशोब पुढे आठ-दहाव्या वर्षी टाचदुखी आणि गुडघेदुखीत चुकवावा लागतो. नवीन मुलांना उडी शिकवायच्या आधी उतरणं शिकवतात की नाही, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न. आम्ही सांगतो, "अर्धवट खुर्चीत बस आणि समोर ताट धर." पाय खांद्याइतके लांब, गुडघे वाकलेले, हात पुढे. तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. पोरं पुतळा-पुतळा म्हणून दिवसभर खेळतात.

उतरण्याच्या जोडीला पडणंही शिकवावं लागतं. मागे पडताना कुठलंही मूल आपसूक हात मागे टाकतं. कोपर ताठ, तळवा जमिनीवर, आणि सगळं वजन त्या हातावर. पाच ते सात या वयात कोपराच्या जरा वरचं हाड मोडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, आणि ते बहुतेक वेळा असंच मोडतं. म्हणून आमच्याकडे पहिल्या पंधरा दिवसांत रोज एक खेळ असतो: हात छातीवर घडी, हनुवटी गळ्याशी, आणि पाठीवर गोल लोळण. "पोळी लाटली" म्हणतात पोरं त्याला. तुम्ही बघायला गेलेल्या जागी विचारा, "पडायचं कसं ते शिकवता का?" समोरचा माणूस हसला तर तुमचं उत्तर मिळालं. उठून दाखवायला लागला तर तिथे थांबा.

कोलांटीवरूनही माणूस कळतो. कोलांटउडी आपल्या घराघरांत गादीवर चालते, त्यामुळे ती सोपी वाटते. पण नीट न शिकवलेली कोलांटी सरळ डोक्याच्या टाळूवर येते आणि सगळा भार मानेवर जातो. शिकवलेल्या कोलांटीत टाळू गादीला टेकतच नाही, आधी मानेमागचा भाग आणि खांदे टेकतात. हनुवटीखाली रुमाल धरायला लावतात, तो पडला तर परत. रुमाल, मोजा, पिसाचा चेंडू, काहीही चालतं. शेवटच्या मुलाच्या हनुवटीखाली तो आहे का ते बघा. जाता जाता एक अत्यंत महत्त्वाचं: मुलाला डाउन सिंड्रोम असेल तर कोलांटीच्या आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. यांतल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. ही मुलं जिम्नॅस्टिक्स फार आनंदाने करतात, आमच्याकडेही करतात, पण तो सांधा तपासून घेतल्यावर.

आता स्ट्रेचिंगबद्दल, आणि इथे माझीच चूक सांगते. २००३ च्या सुमाराला मी नवी होते. माझ्या कोचनी माझ्याशी जे केलं तेच मी पुढे करत होते. सहा वर्षांची एक मुलगी स्प्लिटला, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत फाकवून, बसली होती, जमिनीपासून चार बोटं वर. मी मागून तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि दाबलं. ती ओरडली नाही. गादीच्या शिवणीतला एक सुटा दोरा तिने नखाने उपसायला घेतला आणि तो उपसत राहिली. मला वाटलं, गुणी पोर आहे, सोसते. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही. काही महिन्यांनी तिची आई मंडईत भेटली. म्हणाली, "मॅडम, रिक्षा तुमच्या रस्त्याने गेली तरी ती डोळे मिटून घेते." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती तशीच ठेवून मी घरी आले.

तेव्हापासून मी स्ट्रेचिंग चालू असताना मुलांच्या चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघते. चेहरा शिस्तीत ठेवायला मुलं लवकर शिकतात, हात शिकत नाहीत. मुठी आवळलेल्या, नखं गादीत रुतलेली, दोरे उपसणारी बोटं दिसली आणि कोच पुढे जात राहिला, तर ती जागा तुमच्या मुलीसाठी नाही. 'थोडं दुखणारच' हे वाक्य या वयाला लागू नाही. वाढत्या वयात स्नायूपेक्षा तो हाडाला जिथे चिकटतो ती कूर्चेची जागा नाजूक असते. दाबलं की ती दुखावते. लवचीकपणा पाय पसरून बसण्यातून, खेळातून, थोडाथोडा रोज येतो. दाबून कमावलेली चार बोटं न दाबताही चार महिन्यांत येतातच, फक्त मुलगी क्लासला येत राहिली पाहिजे.

याची उलटी बाजूही आहे. काही मुलं जन्मजात लवचीक असतात, अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वळतं. ही मुलं पहिल्या दिवशी ब्रिज, म्हणजे मागे वाकून हातापायांवर कमान, करून दाखवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला त्यांची जास्त काळजी वाटते. त्यांना लवचीकपणाची गरज नाही, ताकदीची आहे, नाहीतर कंबर आणि मनगटं आधी तक्रार करतात. "हिला खूप फ्लेक्सिबिलिटी आहे, आपण हिला अजून मागे वाकवू" म्हणणारा कोच आणि "हिला आपण दोरीला लटकवू" म्हणणारा कोच, यात मी दुसरा निवडीन.

भीतीचंही तसंच. शेवटचं मूल बीमच्या टोकाशी उभं आहे आणि पाय उचलत नाही. आता पुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते बघा. "घाबरट कुठली, तुझ्यापेक्षा लहान करतात बघ" असं झालं, की कोणी हात धरून "आज इथपर्यंतच, उडी मारून उतर" म्हटलं, की कोणाचं लक्षच नव्हतं? टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे हेच कळेनासं झालं. तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली आणि वैयक्तिक फेऱ्यांतूनही एकेक करून माघार घेतली. शेवटी बीमवर उतरली, कांस्य घेतलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. जगातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टला 'आज नको' म्हणता येतं, तर बालवाडीतल्या पोरीलाही म्हणता आलं पाहिजे.

स्पर्शाचा विषय पालक काढायला संकोचतात. काढा. या खेळात हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही. आम्ही त्याला 'सपोर्ट देणं' म्हणतो: एक हात कंबरेला, एक मांडीमागे किंवा खांद्याला. चांगला शिक्षक हात लावायच्या आधी तोंडाने सांगतो, "मी कमरेला धरतोय हं." त्याचा हात सगळ्यांना दिसतो आणि काम झाल्याबरोबर सुटतो. बाई असो की पुरुष, नियम तोच. कपडे बदलायची जागा कुठे आहे, तिथे कोण जातं, मुलीला शू लागली तर कोण नेतं, सगळ्यात शेवटी घरी जाणाऱ्या मुलाबरोबर कोण थांबतं, हे उघड विचारा. उत्तर देताना चेहरा पडला तर त्यातूनही कळतं. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि त्यात असा प्रकार कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. तक्रारीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. पदकांच्या भिंतीने याची हमी मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींचं शोषण करत राहिला, तक्रारी होऊनही. २०१८ मध्ये मिशिगनमधल्या न्यायालयाने त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली. त्या मुलींमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्याही होत्या.

म्हणूनच जिथे पालकांना वर्ग बघूच देत नाहीत तिथे घालू नका. इथे कोचची बाजूही सांगते. जाळीला चिकटून "पाय सरळ कर! सरळ!" असं ओरडणारे बाबा बॅचमध्ये असले की शिकवणं अवघड होतं, आणि असे बाबा प्रत्येक बॅचमध्ये एक असतातच. रोज बसायला मनाई असणं मला समजतं. पण महिन्यातून एक दिवस बघायला खुला, आणि दार कायम उघडं, एवढं तरी हवं.

साधनांवर फार वेळ घालवत नाही, पालक नेमके त्यांनाच भुलतात. जाड गादीवर मूठ ठेवून वजन टाका; खालची फरशी हाताला लागली तर ती गादी संपलेली आहे, कव्हर कितीही नवं असो. दोन गाद्यांमध्ये फट आहे का बघा, पाय मुरगळतो तो तिथेच. लटकायच्या बारच्या तारा ताणलेल्या आहेत का, त्यांचे हूक जमिनीत घट्ट आहेत का. पावसाळ्यात जाणार असाल तर छताकडे बघा. फोमचा खड्डा आहे म्हणून भारावून जाऊ नका. साडेपाच वर्षांच्या मुलीला त्याचं काही काम नाही, आणि त्यातली धूळ कधी काढली हे विचारल्यावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. ट्रॅम्पोलीन असेल तर एका वेळी एकच मूल चढतंय ना, एवढं पक्कं बघा. दोघं-तिघं एकत्र उडतात तेव्हाच बहुतेक अपघात होतात, आणि त्यातही सगळ्यात लहान मूल सापडतं.

कोच कोण, हे मात्र नीट विचारा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर उत्तम, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) असेल, राष्ट्रीय पातळीवर खेळलेला असेल, तेही चांगलं. पण फ्लेक्सवर फोटो असलेला माणूस आणि पाच वाजताच्या लहान मुलांच्या बॅचला उभा राहणारा माणूस एकच असेल असं नाही. मोठ्या अकादमीत लहान बॅच बहुधा कॉलेजमधल्या मुलांकडे असते. मी नोकरीला होते तिथे अगदी हेच होतं; माझं नाव माहितीपत्रकावर, आणि लहान मुलांना शिकवायला एकोणीस वर्षांचा मुलगा. त्यात वाईट काही नाही. त्या मुलाला पोरांच्या नाड्या बांधून द्यायचा कंटाळा नव्हता, तो माझ्यापेक्षा बरा होता. पण त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी अनुभवी हॉलमध्ये असतं का, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो का, हे विचारा. या वयाची मुलं खेळाला नाही, माणसाला चिकटतात. आमच्याकडे 'दादा आला नाही' म्हणून दारातून परत गेलेली मुलं आहेत.

कोणत्या प्रकारात घालू, हा प्रश्न सहा-सात वर्षांपर्यंत पडू देऊ नका. आर्टिस्टिकमध्ये मुलींना चार साधनं, मुलांना सहा. रिदमिकमध्ये रिंग, चेंडू, रिबीन वगैरे. शिवाय ट्रॅम्पोलीन, एरोबिक. पाया सगळ्यांचा एकच: लटकणं, लोळणं, हातांवर उभं राहणं, उडी मारून नीट उतरणं. आणि आपल्याकडे हा पाया देणारी जुनी जागा आहेच. व्यायामशाळेत मल्लखांब असेल तर नाक मुरडू नका. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी उभा केलेला हा प्रकार, आणि एरंडेल चोळलेल्या त्या लाकडाला मिठी मारून वर चढणाऱ्या पोराची पकड आणि खांदे असे तयार होतात की पुढे बारवर त्याला फार सांगावं लागत नाही. मुली दोरीच्या मल्लखांबावर तर बघतच राहावं अशा दिसतात. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. अशा जागांनी कितीतरी पिढ्यांना कमी पैशांत हे शिकवलं. तुमची व्यायामशाळा कुठली ते तुम्ही लिहिलं नाही. जुन्या व्यायामशाळांचे दोष मला ठाऊक आहेत: गर्दी, अंधुक दिवे, आणि 'आम्हीही असेच शिकलो' म्हणून मुलांना दाबणारे एखाद-दोन जुने हात. तेवढं तपासा.

स्पर्धेचं थोडक्यात. चार महिन्यांत 'नॅशनल'ला नेतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. तिथे प्रवेश फी भरतो त्या प्रत्येकाला पदक मिळतं. शासकीय शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत; तुमच्या मुलीला त्याला बराच अवकाश आहे. दहावीच्या सवलतीच्या गुणांबद्दल पाच वर्षांच्या मुलांचे पालक विचारतात तेव्हा मी विषय बदलते. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात मुलींना १६ वर्षांची अट १९९७ पासून आहे, म्हणजे घाई कोणालाच नाही. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये आपली दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) चौथी आली, १५.०६६ गुण. तिथे तिने प्रोदुनोवा मारली होती, हवेत दोन कोलांट्या घेणारी फार अवघड उडी. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे फोन येत होते, "प्रोदुनोवा कधी शिकवणार?" दीपाचे तळवे सपाट होते, या खेळाला ते अडचणीचेच, आणि तिच्या प्रशिक्षकांनी त्यावर अगरताळ्यात वर्षानुवर्षं मेहनत घेतली. ते कोणी विचारलं नाही.

पैसे महिन्याचे भरा, फार तर तीन महिन्यांचे. वर्षाचे एकदम भरल्यावर सूट मिळते आणि मुलीला आवडलं नाही तर घरात भांडण मिळतं. ब्रँडेड किट सक्तीचं असेल तर का ते विचारा. अंगाबरोबरची शॉर्ट आणि आत खोचलेला टी-शर्ट पुरतो. मोजे नकोत, अनवाणी पाय. उन्हाळी शिबिरावरून जागा ठरवू नका. मे महिन्यात आमच्याकडेही ऐंशी मुलं असतात, आणि तेव्हा मीसुद्धा चांगली शिक्षिका नसते.

तुमच्या तीन पर्यायांचं म्हणाल तर मी आधी व्यायामशाळेत जाईन. ट्रायलच्या दिवशी नाही, शनिवारी नाही. एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, न सांगता. शेवटचं मूल शोधून कोपऱ्यात बसेन. तिथे गर्दी फार असेल तर अकादमीत, आणि तिथे पहिला प्रश्न 'पाच वाजताच्या बॅचला कोण असतं' हाच. क्लबहाउसचा वर्ग पहिल्या सहा महिन्यांसाठी चालेल, आठाच्या आत मुलं असतील तर. पण टाइल्सवर योगा मॅट अंथरून तिथे हातांवरून पलटी मारायला शिकवत असतील, तर तिला त्याच दिवशी घरी घेऊन या. सोफा त्यापेक्षा मऊ आहे.

आणि जाताना तिचे पैंजण, कानातले आणि मनगटाचा काळा गंडा घरीच काढून ठेवा, केसांना पिनांऐवजी साधं रबर लावा, नखं कापा. जेवण तासा-दोन तासांपूर्वी झालेलं असू दे, निघताना अर्धं केळं. आमच्या कपाटात श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात सव्वीस वर्षांत सापडलेले एकेकटे पैंजण ठेवलेत. त्यांच्या जोड्या कुठल्या घरांत आहेत कोण जाणे, पण अजून एकही न्यायला कोणी आलेलं नाही.